वेदना, व्रत आणि विजया

ज्या वनस्पतीने धुंदी येते तीच वनस्पती असह्य वेदनेवर औषध म्हणून घेतली, तर घेणाऱ्याचे व्रत मोडते काय, हा प्रश्न वैद्यकाचा जितका आहे तितकाच धर्माचाही आहे. छत्रपती संभाजीनगर–जालना रस्त्यावरील करमाडसारख्या गावात तो दोन वेगळ्या घरांत उभा राहू शकतो. एका घरी गळ्यात तुळशीची माळ असते आणि माळकऱ्याला मद्य-मांसाप्रमाणे गांजाही वर्ज्य असतो. दुसऱ्या घरी पंचशील असते आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षेत घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी दारू न पिण्याची प्रतिज्ञाही असते. कर्करोगाने या दोन्ही घरांना शहरातल्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या एकाच रांगेत आणून बसवले, तर दोघांपुढचा पेच एकच असतो: वेदना सोसणे हे पुण्य आहे, की ती शमवणे हे कर्तव्य आहे?

प्रथम वस्तू नीट ओळखली पाहिजे. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे आहेत; भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे त्याची राळ. वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांत या वनस्पतीला विजया हेही नाव आहे. तिच्यातील दोन घटक विशेष महत्त्वाचे आहेत. टीएचसी हा धुंदी आणणारा घटक 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळा केला. दुसरा सीबीडी, त्याने धुंदी येत नाही, पण तो निरुपद्रवी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. 1992 मध्ये मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले, की टीएचसी मेंदूतील ज्या ठिकाणी जाऊन चिकटतो तिथेच चिकटणारा एक पदार्थ शरीर स्वतःही तयार करते, आणि संशोधकांनी त्याला आनंद या संस्कृत शब्दावरून आनंदमाइड हे नाव दिले. नाव सुंदर आहे, मात्र त्यावरून उपनिषदांतील आनंदाची प्रयोगशाळेत सिद्धी झाली असे मानणे ही शब्दाने केलेली फसगत ठरेल.

या प्रश्नाचा सर्वांत सूक्ष्म विचार बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षुसंघाच्या आचारनियमांत, सापडतो. महावग्गाच्या भैषज्यविषयक प्रकरणात पिलिंदवच्छ या भिक्षूच्या वातविकाराची हकीकत आहे. वैद्यांनी त्याच्यासाठी तेल कढवायला सांगितले आणि त्या तेलात मद्य घालणे आवश्यक होते. बुद्धांनी परवानगी दिली. पुढे काही भिक्षू त्यात भरमसाट मद्य घालून ते पिऊ लागले आणि त्यांना नशा चढली, तेव्हा नियमाला मर्यादा आली: मद्याचा रंग, वास आणि चव जाणवणार नाही इतक्याच प्रमाणात ते तेलात असावे, आणि ज्यात प्रमाण जास्त झाले असेल ते तेल प्यायला न घेता अंगाला चोळायला वापरावे. त्याच भिक्षूच्या अंगदुखीसाठी ‘भंगोदक’ वापरण्याचीही अनुज्ञा आहे. या शब्दाचा अर्थ काही अनुवादक भांगेचे पाणी असा करतात, तर पाली अट्ठकथा, म्हणजे परंपरेतील भाष्य, तो नाना प्रकारच्या पाल्याचा काढा असा लावते. तेव्हा बुद्धांनी भांगेला मान्यता दिली अशी घोषणा या एका शब्दावर करणे योग्य नाही. तशी गरजही नाही, कारण मद्ययुक्त तेलाचा नियमच पुरेसा बोलका आहे. पाचव्या शीलात मादक पदार्थांना ‘पमादट्ठान’, म्हणजे प्रमादाचे, बेसावधपणाचे स्थान म्हटले आहे. ज्याचा त्याग सांगितला आहे तो बेसावधपणा होय, आणि पदार्थ वर्ज्य ठरतो तो त्या बेसावधपणाचे कारण म्हणून. द्रव्य रोगासाठी आले, मात्रेत राहिले आणि सावधपणा टिकला, तर शील टिकते; रोगाच्या निमित्ताने नशा आली, तर तेच द्रव्य शीलाच्या आड येते. इतका माणुसकीचा आणि इतका काटेकोर नियम इतक्या प्राचीन काळी केला गेला, याचे मोल फार मोठे आहे.

संभाजीनगर जिल्ह्याला ही परंपरा परकी नाही. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांत इसवी सनापूर्वीच्या काळातील जे दानलेख आहेत, त्यांत मगिल या राजवैद्याचे आणि त्याच्या मुलांचे नाव कोरलेले आहे. भिक्षूंच्या निवासासाठी वैद्याच्या कुटुंबाने दान द्यावे, यातून चिकित्सा आणि साधना यांचा शेजार किती जुना आहे हे दिसते.

आयुर्वेदाची भूमिकाही अशीच विवेकाची आहे. योग्य युक्तीने वापरलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीने वापरलेले औषध विष होते, असा चरकसंहितेचा सिद्धान्त आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणे दिली आहेत. व्यवायी म्हणजे जे आधी सर्व शरीरात पसरते आणि मग पचते. त्याच ग्रंथात ‘मदकारी’ द्रव्याची व्याख्या बुद्धीचा लोप करणारे द्रव्य अशी आहे. भांग वापरण्यापूर्वी ती पाण्याने वारंवार धुऊन, सुकवून, तुपात भाजण्याचा शोधनविधी सांगितलेला आहे, आणि आजच्या औषध कायद्याच्या ‘ई-1’ या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही भांगेचा समावेश आहे. म्हणजे परंपरेचा दाखला देऊन ही वनस्पती पूर्णपणे निर्धोक आहे असे सांगणारा विक्रेता परंपरेलाच खोटे पाडतो.

आधुनिक वैद्यकाने या युक्तीला आकडे आणि मर्यादा दिल्या. अमेरिकेच्या औषध नियामकाने जून 2018 मध्ये सीबीडीचे शुद्ध औषध लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी, ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या विकारांसाठी, मंजूर केले. केमोथेरपीनंतरची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकारातील स्नायूंचा ताठरपणा यांवर या वर्गातील औषधांचा उपयोग दिसला आहे. दीर्घकालीन वेदनेबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही: 2017 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रौढांतील वेदनेवर भरीव पुरावा असल्याचे म्हटले, तर 2021 मध्ये वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेसाठी या वनस्पतीच्या सर्वसाधारण वापराला पाठिंबा देण्यास नकार दिला. कर्करोग यामुळे बरा होतो, याला माणसांवरील अभ्यासांचा आधार नाही. धोके स्पष्ट आहेत. टीएचसीने नाडी वाढते, भोवळ येते, काहींना भ्रम होतात, आणि किशोरवयात किंवा घरात मनोविकाराचा इतिहास असताना हा धोका अधिक असतो. गरोदरपणात ही वनस्पती टाळावी लागते. सीबीडीमुळे, विशेषतः व्हॅल्प्रोएट चालू असताना, यकृतातील विकरे वाढू शकतात आणि वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम बदलू शकतो. पोटातून घेतलेल्या टीएचसीचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो; म्हणून गुण येत नाही असे समजून दुसरी मात्रा घेणे, ही घरी हमखास होणारी चूक असते.

येथे शिवभक्तीचा युक्तिवाद पुढे येतो: जे महादेवाला प्रिय ते भक्ताला का वर्ज्य असावे? पण वेरूळच्या घृष्णेश्वराला नमस्कार करणाऱ्याने हेही स्मरावे, की हलाहल कंठात धरण्याचे सामर्थ्य पुराणांनी महादेवाचेच सांगितले आहे, भक्ताचे नव्हे. पातंजल योगसूत्रे सिद्धी मिळवण्याच्या मार्गांत औषधीचाही उल्लेख करतात, पण ध्यानातून घडलेले चित्तच संस्कारांच्या साठ्यापासून मुक्त असते असा निर्वाळाही लगेच देतात. वनस्पती मनाची अवस्था बदलू शकते. मनाला घडवण्याचे काम ती करत नाही. उलट, कायद्याने बंदी आहे म्हणून ती पाप आहे, हेही खरे नाही. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा आणि चरस यांवर कठोर निर्बंध घालतो, मात्र फुलोऱ्याविना असलेली पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवतो आणि वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांसाठी परवान्याची वाटही मोकळी ठेवतो. 2 डिसेंबर 2020 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ही वनस्पती 1961 च्या कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून 27 विरुद्ध 25 मतांनी वगळली, तेव्हा भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. कायदा काळाप्रमाणे बदलतो. व्रताची कसोटी मात्र हेतू, मात्रा आणि जागृती याच तीन गोष्टींवर लागते.

या कसोटीवर माळकऱ्याची माळ आणि उपासकाचे शील दोन्ही अबाधित राहतात, जर औषध तज्ज्ञाने लिहून दिलेले, घटकांचे प्रमाण ज्ञात असलेले आणि वेदनेपुरतेच असेल. तीव्र वेदनेने व्याकूळ झालेल्या माणसाला नामस्मरणही जमत नाही आणि सम्यक स्मृतीही राखता येत नाही; त्याला पुन्हा स्मरणाच्या योग्य करणारे औषध त्याच्या व्रताला साहाय्यच करते. म्हणून कीर्तनकारांनी आणि भंतेजींनी हे आपल्या श्रोत्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कर्करोगाच्या वेदनेवरील मॉर्फिनलाही हाच न्याय लावावा, आणि विजयेचे कोणतेही औषध घेणाऱ्या रुग्णाने ते पापभयाने लपवून न ठेवता, चालू असलेल्या बाकीच्या सर्व औषधांसह आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावे.