अजून ठरलेले नाही

टीव्हीवरच्या राजकीय चर्चेत कुणाचेही मत कधी बदलत नाही. पाऊण तास चार चौकटींतली चार माणसे एकमेकांवर आवाज चढवतात आणि जो तो जसा आला तसाच घरी जातो. ‘तुमचा हा मुद्दा मला पटला’ असे एखाद्या प्रवक्त्याच्या तोंडून निघाले, तर दुसऱ्या दिवशी त्याचे पद राहील की नाही याची शंकाच आहे. पक्षाने त्याला बोलायला पाठवलेले असते. घरात बसलेले कट्टर समर्थकही आपल्या माणसाने टोला हाणला की टाळी देतात, समोरचा बोलू लागला की आवाज कमी करतात. मग ही चर्चा खरोखर ऐकतो कोण? ज्याचे अजून ठरलेले नाही, तो.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी पालघर जिल्ह्यातल्या उमरोळीत मी अशा ऐकणाऱ्यांपैकी एक होतो. डहाणू लोकलने घरी यायचे आणि जेवता जेवता मराठी वाहिनीवरची चर्चा लावायची. एका रात्री विषय निघाला वाढवण बंदराचा. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा पायाभरणी समारंभ झाला होता. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. विषय आमच्या दाराशी आला म्हणून मी सरसावून बसलो. एकजण म्हणाला विकास, दुसरा म्हणाला मच्छीमारांचा घात, आणि दोन मिनिटांत सगळे कुणी कुणाचा पक्ष फोडला यावर घसरले.

माझे प्रश्न साधे होते. समुद्रात भराव पडल्यावर किनाऱ्यावरच्या लोकांनी जाळी टाकायची कुठे? बंदरात नोकऱ्या येणार असतील, तर त्यांना लागणारे शिक्षण पालघर-बोईसरच्या मुलांना कोण देणार? आणि आज दिलेला शब्द पाच वर्षांनी मागायचा कुणाकडे? हा शेवटचा प्रश्न आमच्याकडे अनुभवातून येतो. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या युनिटसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. पुनर्वसनाच्या तक्रारी घेऊन तिथल्या माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. बंदराच्या बाजूने बोलणारा असो की विरोधात, या प्रश्नापाशी थांबायला हवे होते. कुणीच थांबले नाही.

न ठरवलेल्या मतदाराला ‘तळ्यात-मळ्यात करणारा’ म्हणून हिणवतात. पण तळ्यातून मळ्यात उड्या मारतो कोण, हे आमच्या भागात डोळ्यांदेखत पाहायला मिळाले. खासदार चिंतामण वनगा यांच्या निधनामुळे २०१८ मध्ये पालघर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. वनगा भाजपचे, त्यांचे चिरंजीव श्रीनिवास शिवसेनेकडून उभे राहिले. काँग्रेसमधून भाजपमध्ये आलेले राजेंद्र गावित निवडून आले. पुढच्याच वर्षी तेच गावित शिवसेनेचे खासदार झाले. २०२४ च्या मे महिन्यात ते भाजपमध्ये परतले आणि नोव्हेंबरमध्ये पालघर विधानसभेला एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे राहून जिंकले. युती आणि जागावाटपाच्या राजकारणात याला कारणे असतात. तरी गंमत अशी, की दरवेळी पक्ष बदललेला आणि भाषणातली खात्री मात्र तितकीच पक्की. इतक्या खात्रीच्या माणसांमध्ये मतदाराने विचाराला आठवडाभर जास्त घेतला, तर त्याचे काय चुकले?

अर्थात न ठरणे म्हणजे शहाणपण, असेही नाही. काही जणांचे ठरत नाही, कारण ते बघतच नाहीत. शेवटी रांगेत उभे राहिल्यावर वारा कुठला आहे ते पाहून बटण दाबतात. तर काहींचे ठरत नाही, कारण त्यांच्याजवळ प्रश्न असतो आणि उत्तर मिळालेले नसते. वरून दोघे सारखेच दिसतात. फरक एवढाच, की दुसऱ्याला आपण कशासाठी थांबलो आहोत हे सांगता येते.

या दुसऱ्या माणसाची कदर आपल्या कायद्यात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचारसभांना मनाई करते आणि मतदान असलेल्या भागात टीव्हीवरून निवडणूक प्रचार दाखवायलाही. आमच्याकडे १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी भोंगे थांबले. ज्यांचे आधीच ठरलेले असते त्यांना या शांततेचा काय उपयोग? हे दोन दिवस न ठरलेल्यांच्या वाट्याचे आहेत.

त्या दोन दिवसांत चर्चेतला कोण जिंकला हे आठवत बसण्यात अर्थ नाही. आपल्या कोणत्या प्रश्नाला सगळ्यांनी बगल दिली, ते आठवावे. त्या प्रश्नाच्या जरा तरी जवळ कोण आले, ते पाहावे आणि मत द्यावे. मत दिले की उमेदवारापुरते आपले ठरते. प्रश्न मात्र तसाच उरतो, आणि निवडून आलेला माणूस आपल्याच पसंतीचा असला, तर तो प्रश्न त्याला सर्वांत आधी आपणच विचारायला हवा.