फुटलेला टायर आणि कर्तेपणाचा प्रश्न

सिल्वासा परिसरातील कारखान्यांचा माल घेऊन वापी किंवा भिलाडकडून राष्ट्रीय महामार्ग ४८ वर चढणाऱ्या ट्रेलरचा टायर फुटला की रस्त्याच्या कडेला दोनच निवाडे दिले जातात: चूक ड्रायव्हरची, नाहीतर खेळ नशिबाचा. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील कर्मविचारापुढे हे दोन्ही निवाडे टिकत नाहीत. तेथे प्रत्येक कर्माला पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध व्यापार, आणि पाचवे दैव. मूळ विवेचन आत्म्याच्या अकर्तेपणाचे असून शंकराचार्यांच्या भाष्यात अधिष्ठान म्हणजे शरीर आणि करण म्हणजे इंद्रिये, त्यामुळे ते मालवाहतुकीला लावणे हा अर्थविस्तारच होय. परंतु पाच कारणे समोर असताना एकट्या आत्म्यावर कर्तेपण लादणारी बुद्धी गीतेने अपरिपक्व ठरवली आहे, आणि एकट्या ड्रायव्हरवर बोट ठेवणारी बुद्धी त्याच जातीची आहे.

टायर क्षणात फुटतो, पण त्याचे फुटणे बरेच आधी सुरू झालेले असते. ट्रेलरचा भार मुख्यतः रबर नव्हे, तर आत कोंडलेली हवा पेलते. हवा कमी किंवा माल जास्त झाला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात गरजेपेक्षा अधिक दबते, त्या दबण्या-उठण्यातून उष्णता साठते, रबर आणि आतील तारा यांची पकड सैल होते आणि अखेर वरचा पट्टा सोलून निघतो. जोडटायरांपैकी आतल्याची हवा उतरली तर ते बाहेरून लक्षात येत नाही आणि त्याचा भार शेजारच्या टायरवर पडतो. क्लीनर लोखंडी गजाने टायर ठोकून पाहतो, तेव्हा भरलेला टायर गज उसळवतो आणि बसलेला भद्द वाजतो; मात्र थोडी उतरलेली हवा या आवाजाला फसवते, म्हणून टायर थंड असताना मापकानेच दाब पाहावा लागतो.

२०१८ साली केंद्र सरकारने चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, पण टायरच्या अंगावर कोरलेली त्याची स्वतःची भारक्षमता अधिसूचनेने वाढत नाही. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून तो पुन्हा जोडणारा मालक, वजनकाट्याची पावती न पाहता माल चढवणारा मुकादम, पोहोचण्याची घाई लावणारा व्यापारी हे सारे त्या स्फोटात सामील असतात. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ जादा भाराची गाडी चालवणाऱ्यासोबत ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही दंडास पात्र ठरवते. या एका बाबतीत कायद्याची दृष्टी गीतेच्या जवळ येते, ही समाधानाची गोष्ट आहे.

राहिले दैव. शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे डोळे आदी इंद्रियांना साह्य करणाऱ्या सूर्यादी देवता. म्हणजे आंधळा योगायोग नव्हे, तर माणसाच्या हाताबाहेरचा आधार. खंडेनवमीला गाडीला हार घालून नारळ फोडणारा ड्रायव्हर याच आधारापुढे नम्र होतो, आणि त्या नम्रतेला अंधश्रद्धा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. रस्त्यावर पडलेला खिळा दैवाच्या खात्यात टाकता येईल. काट्यावर दिसलेला जादा भार तेथे टाकता येत नाही. तरीही असा भार स्वतः चढवायला लावून जेथे मालक फुटलेल्या टायरची किंमत ड्रायव्हरच्या पगारातून कापतो, तेथे पाच कारणांचा हिशेब एकाच माणसाकडून वसूल केलेला असतो.