मुदत संपल्यावर उरलेला पैसा

कर्ज फिटले, घर आपल्या नावावर झाले आणि वर काही रक्कम हातात आली, तर ती आपलीच, असे माणसाला सहज वाटते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कोकणी मुस्लिम बांधवांवर हा प्रसंग येऊन गेला आहे, काहींवर अजून यायचा आहे. त्यांचे आप्त रत्नागिरी-रायगडच्या गावांत राहतात. हाती आलेल्या अशा पैशातून हजचा, गावच्या मशिदीवर मजला चढवण्याचा किंवा पुतणीच्या लग्नाचा संकल्प होतो. म्हणूनच, वाचकहो, हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. 1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये एंडोमेंट मॉर्गेजचे मोठे प्रस्थ होते. घरासाठी काढलेल्या कर्जाचे मुद्दल कर्जदार फेडत नसे. सावकार संस्थेला तो दरमहा फक्त व्याज देई. त्याच वेळी विमा कंपनीकडे तो वेगळा हप्ता भरत असे. बहुधा पंचवीस वर्षांनी पॉलिसीची मुदत संपली की बोनससह जमलेल्या रकमेतून कर्जाचे मुद्दल एकरकमी फेडायचे आणि उरलेले पॉलिसीधारकाने घ्यायचे, अशी योजना होती. पुढे परतावे घटले, अनेकांच्या पॉलिसी कर्जालाही पुरल्या नाहीत आणि 2000 नंतर ही पद्धत मागे पडली. पण ज्यांना उरले, त्यांच्यासाठी हा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल आकडे मांडू. कर्ज 30,000 पौंड. विम्याचा हप्ता दरमहा 45 पौंड, म्हणजे पंचवीस वर्षांत भरले 13,500. मुदतीअखेर मिळाले 36,000. कर्ज फेडून उरले 6,000. कंपनीच्या पत्रात हीच रक्कम 'जादा' म्हणून येते. अल्लाहचे भय बाळगणारा माणूस विचारतो, ‘हे 6,000 हलाल की हराम?’ इमामसाहेब सांगतात, ‘गरिबांना देऊन टाका.’ तो देतो आणि निश्चिंत होतो.

माझे म्हणणे असे, की इथे प्रश्नच चुकीच्या ठिकाणाहून मोजला जातो. सूरह बकरहच्या 279 व्या आयतीत व्याजापासून तौबा करणाऱ्याला त्याचे मुद्दल त्याचेच असल्याची ग्वाही दिली आहे, आणि ना त्याने कोणावर अन्याय करावा, ना त्याच्यावर अन्याय व्हावा, असा न्याय घालून दिला आहे. मुद्दलासाठी अरबीत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'मालाचे मस्तक' असा होतो. या व्यवहारात आपल्या मालाचे मस्तक कोणते? आपण भरलेले 13,500. त्यावरची वाढ 22,500 पौंडांची आहे. त्यातल्या 16,500 पौंडांनी कर्ज फेडले, ते भिंतींत मुरले, म्हणून दिसत नाहीत, एवढेच. कंपनी कर्जापासून मोजते. शरीअत आपण दिलेल्या पैशापासून मोजते. ज्याची पॉलिसी कर्जालाही पुरली नाही, त्याच्या पत्रात 'जादा' शून्य असले, तरी भरलेल्यापेक्षा अधिक मिळाले असेल तर हिशेब त्यालाही आहेच. आपल्याकडील एंडोमेंट पॉलिसी आणि तिचा बोनस यांनाही हेच माप लागू पडते.

यावर पहिला आक्षेप असा, की मी पंचवीस वर्षे संस्थेला व्याज दिले, ते यातून का वजा करू नये? उत्तर कठोर वाटेल. व्याज घेतले सावकार संस्थेने, वाढ मिळाली विमा कंपनीच्या निधीतून. एकाने माझ्यावर केलेल्या अन्यायाची वसुली मी दुसऱ्याच्या खिशातून करू शकत नाही. शिवाय हदीसमध्ये व्याज घेणारा आणि देणारा या दोघांचाही निषेध आहे. एका गुन्ह्याची पावती दुसऱ्या गुन्ह्याच्या खात्यावर जमा होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. 1985 चा पौंड आणि 2010 चा पौंड सारखा नव्हे. खरेच नव्हे. परंतु 1988 मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने देणे त्याच चलनात, तेवढ्याच संख्येने फेडावे, महागाईच्या दराशी जोडू नये, असा निर्णय दिला आहे. याने मन पूर्ण शांत होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुद्दलाची व्याख्या प्रत्येकाने आपल्या सोयीने फुगवली, तर व्याजाला दार उघडेच राहील.

तिसरे म्हणणे, त्या काळी इलाजच नव्हता. यात तथ्य आहे. ब्रिटनमध्ये बिनव्याजी गृहखरेदीवर पडणारी दुहेरी स्टॅम्प ड्युटी 2003 मध्ये रद्द झाली. तोवर हा मार्ग महाग आणि दुर्मीळ होता. 1999 मध्ये युरोपीय फतवा परिषदेनेही, राहते घर नसलेल्या आणि पर्याय नसलेल्या मुस्लिमांना गरजेपोटी असे कर्ज घेण्याची मुभा दिली. ती मुभा सर्व उलमांना मान्य नाही. मान्य केली तरी गरज डोक्यावरच्या छपराची होती, वाढीची नव्हती. आणि गरजेची सूट गरजेपुरतीच असते. विमा निधीची काही वाढ शेअर आणि मालमत्तेतून आलेली असते, हेही खरे. परंतु तो वाटा निराळा काढणे सामान्य माणसाच्या हातचे नाही.

मग या पैशाचे करायचे काय? कंपनीकडे सोडू नये. कोकणी मुसलमान शाफिई मसलकाचे आहेत, आणि याच मसलकाचे थोर इमाम गज़ाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये हा प्रश्न सविस्तर हाताळला आहे. ज्याचा मालक सापडत नाही असा अशुद्ध माल जवळ ठेवू नये, नष्टही करू नये. तो गरजवंतांना द्यावा. इमाम नववी (रह.) यांनी पुलांसारखी लोकोपयोगी कामेही त्यात धरली आहेत, आणि घेणाऱ्या गरिबाला तो माल हलाल ठरतो, असे म्हटले आहे. गावच्या वहाळावर साकव बांधून द्या, रुग्णाची औषधे आणा. मशिदीसाठी मात्र हा पैसा आपल्याकडील बहुतेक मुफ्ती नाकारतात, तेव्हा मजल्याचा संकल्प शुद्ध कमाईतून करावा. हजचेही तसेच. देताना सवाबची आशा धरू नये, आणि देणगीदाराच्या नावाची पाटी तर मुळीच लावू नये.

आता ते भिंतींत मुरलेले 16,500. सरकारी पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धाने राहते घर विकावे, असे मी म्हणणार नाही. नववींच्या त्याच विवेचनात, असा माल बाळगणारा स्वतःच गरीब असेल तर त्याला गरजेपुरते घेण्याची परवानगी आहे. हाती आलेले 6,000 लगेच द्यावेत, उरलेले ऐपतीप्रमाणे, वर्षावर्षाने. ज्याची ऐपत आहे, त्याने मात्र म्हातारपणाचे निमित्त पुढे करू नये.

तुमच्या वडिलांची अशी पॉलिसी असेल, तर ते हयात असतानाच बसून हिशेब करा. एकूण किती हप्ते भरले, हे विमा कंपनीला पत्र लिहून विचारता येते. त्यांच्या पश्चात वारसा वाटण्याची वेळ आलीच, तर हा आकडा तरक्यातून आधी बाजूला काढा आणि मगच मुला-मुलींचे हिस्से ठरवा.