तालमीतून मैदानात

वर्चेल्ली हे उत्तर इटलीतल्या पिडमाँट प्रांतातलं भातशेतीचं शहर. पावसाळ्यात धारवाडहून कलघटगीकडे जाताना पाण्यानं भरलेली खाचरं दिसतात, तशीच त्या शहराभोवतीही आहेत. तिथे १८९२ साली एक व्यायामसंस्था निघाली, प्रो वर्चेल्ली. कसरत आणि तलवारबाजी एवढाच तिचा कार्यक्रम होता. १९०३ साली मार्चेल्लो बेर्तिनेत्ती या तिथल्याच तरुण तलवारबाजानं संस्थेत फुटबॉलची शाखा काढली. पुढे तो डॉक्टर झाला, आणि १९२४ व १९२८ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये इटलीच्या तलवारबाजी संघाबरोबर त्यानं सुवर्णपदक मिळवलं. त्यानं काढलेल्या शाखेनं १९०८ ते १९२२ या काळात इटलीचं विजेतेपद सात वेळा जिंकलं.

इटलीत फुटबॉल आला तो बंदरांतून आणि कारखान्यांतून, इंग्रजांबरोबर. जेनोवाचा क्लब १८९३ साली इंग्रजांनीच काढला. वर्चेल्लीत मात्र खेळ बाहेरून आला तरी तो खेळणारी माणसं घरचीच होती. कसरतीनं अंग तयार झालेली मुलं शेवटच्या मिनिटापर्यंत धावत, आणि तोच त्या संघाचा लौकिक झाला. १ मे १९१३ रोजी तुरीनमध्ये इटलीनं बेल्जियमला हरवलं, तेव्हा इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी नऊ या एका क्लबचे होते.

वर्चेल्लीची ही गोष्ट वाचताना मला कोल्हापूर आठवतं, आणि त्याचं कारण नुसतं साम्य नाही; तिथल्या कुस्तीमैदानाचा धागाही इटलीपर्यंत जातो. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोसियम पाहून त्यांना मोठ्या कुस्तीमैदानाची कल्पना सुचली, असं कोल्हापुरात सांगतात. खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं. त्याआधी आणि त्यानंतरही महाराजांनी पेठापेठांतल्या तालमींना हात दिला. तांबडी माती, जोर-बैठका, आखाड्यातला मारुती, वस्ताद आणि पेठेतल्या प्रत्येक पोराला उघडं दार अशी ही तालीम होती. दारात येणाऱ्याला ती फार काही विचारत नसे. पोरगा त्या पेठेचा असला की झालं.

पुढच्या पिढीत याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरले. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ ही नावं कोल्हापूरकराला सांगावी लागत नाहीत. बाहेरच्या माणसाला मात्र फुटबॉल संघाच्या नावात तालीम कशी, असा प्रश्न पडतो. राजाराम महाराजांच्या काळात, १९४० साली, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आज तिच्याच छत्राखाली हे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात. गणपती, शिवजयंती आणि फुटबॉल ही तिन्ही कामं एकच मंडळ करतं. वर्गणी तीच माणसं काढतात आणि सामन्याला गर्दीही तीच करतात.

इथे एक कल्पना बदलली, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. कुस्तीत पेठेचा पैलवान जिंकला की पेठेची मान उंच होई, पण आखाड्यात तो एकटाच असे. फुटबॉलमध्ये पेठच मैदानात उतरली. बळ एका शरीरात साठवण्याऐवजी अकरा जणांत वाटायचं, ही गोष्ट तालमीला नवी होती. ती तालमीनं किती लवकर आपलीशी केली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण असं की तालीम आधीपासूनच एका माणसाची नव्हती, ती जागेची होती.

जागेच्या या अभिमानाची दुसरी बाजूही खरी आहे. कोल्हापुरात पेठांच्या ईर्षेतून मैदानात हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबले आहेत. ते मला मुळीच मान्य नाही. वर्चेल्लीच्या अभिमानाचं १९१० सालचं रूप मात्र मला फार थोर वाटतं. त्या वर्षी विजेतेपदाच्या निर्णायक सामन्याच्या दिवशी क्लबचे काही खेळाडू दुसरीकडे अडकले होते. तारीख बदला, ही विनंती कुणी ऐकली नाही. तेव्हा क्लबनं निषेध म्हणून इंटर मिलानविरुद्ध आपली शाळकरी पोरं उतरवली. ती दहा विरुद्ध तीन अशी हरली. मला ते तीन गोल महत्त्वाचे वाटतात. ज्या संस्थेकडे अशी पोरं तयार असतात तिची मुळं किती खोल असतील!

मग पैसा आला. १९२६ साली इटलीत नवी नियमावली झाली आणि पैसे घेऊन खेळणं राजरोस झालं. १९२९ पासून सगळ्या देशाची एकच मोठी साखळी स्पर्धा सुरू झाली. मोठ्या शहरांच्या क्लबांमागे कारखानदार उभे होते, वर्चेल्लीमागे भातखाचरं होती. सिल्व्हिओ पिओला हा या क्लबनं घडवलेला सर्वांत मोठा खेळाडू. १९३४ साली तो रोमच्या लाझिओकडे गेला, आणि १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानं दोन गोल केले. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी प्रो वर्चेल्ली वरच्या श्रेणीतून खाली आली. त्यानंतर ती पुन्हा कधीच वर गेली नाही.

कोल्हापूरही आता त्या वळणावर आहे. पेठांच्या संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडू दिसतात, चषकांमागे राजकारणी असतात, बक्षिसांच्या रकमा वाढल्या आहेत. बाहेरचा खेळाडू घ्यावा की नाही यावर तिथे जोरात वाद होतात. बाहेरच्यामुळे खेळाचा दर्जा वाढतो हे मी मान्य करतो. पण पेठेतला पंधरा वर्षांचा पोरगा बाकावरच बसून राहिला, तर तालमीचं काम अर्धंच झालं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्याला खरं घडवलं ते पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं. पण फुटबॉलची आवड मुलाला लागते ती आधी गल्लीतच.

आमच्या हुबळी-धारवाडकडे पाहिलं की अशा गल्लीच्या संघांची उणीव बोचते. कोल्हापूर आणि हुबळी एकाच सदर्न मराठा रेल्वेनं जोडलेली गावं. तालमीला आमच्याकडे गरडी म्हणतात. माती, मारुती आणि वस्ताद सगळं तेच. पण इथे खेळाला मोठा आश्रय मिळाला तो रेल्वेच्या वर्कशॉपचा आणि महाविद्यालयांचा. धारवाडचं कर्नाटक कॉलेज १९१७ सालचं. रेल्वेनं खेळाडूला नोकरी दिली, पोट भरलं, हे उपकार लहान नाहीत. तरी अशा संघात माणूस नोकरीपुरता किंवा पदवीपुरता असतो. निवृत्त झाला, पास झाला की संघाशी त्याचं नातं संपतं. गल्लीचा संघ माणूस आजोबा झाला तरी सुटत नाही. आमच्या गरड्यांमागे पेठ होती, पण त्या पेठेला मैदानात उतरवणारं कुणी भेटलं नाही. कोल्हापूरसारखा दरबार आमच्याकडे नव्हता हे खरं. पण १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर कोल्हापुरातही दरबार उरला नाही, आणि तिथले संघ वर्गणीवर चालत राहिले. त्यामुळे दरबार नव्हता हे कारण मला पुरेसं वाटत नाही.

वर्चेल्लीची गोष्ट १९३५ साली संपली नाही. २०१० मध्ये जुना क्लब कर्जात बुडाला आणि बंद पडला. त्याच शहरात एक दुसरा, धाकटा क्लब होता. त्यानं आपलं नाव टाकून प्रो वर्चेल्लीचं नाव घेतलं, पांढरा शर्ट घेतला आणि सात विजेतेपदांचा वारसाही पत्करला. कागदोपत्री हा वेगळाच क्लब, असं कुणी म्हणेल. वर्चेल्लीच्या माणसांना मात्र तो आपलाच वाटला, आणि मला त्यांचं पटतं. २०१२ साली, ६४ वर्षांनंतर, तो देशाच्या दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. घरचे सामने तो ज्या मैदानावर खेळतो, त्याला सिल्व्हिओ पिओलाचं नाव आहे.