कड्यावरचे गणित

स्थलदर्शन हा निष्पाप छंद आहे, असे आपण धरून चालतो. डोंगर कोणाचा नसतो, पहाट सर्वांची असते आणि नुसत्या पाहण्याने कोणाचे काही उणे होत नाही. आमचीही समजूत अशीच होती. ती गेल्या पौषात नंदीदुर्गावर एका प्रश्नाने डळमळली.

आमचे बिऱ्हाड मारतहळ्ळीस आहे. गावाच्या नावात मराठ्यांचा उल्लेख ऐकू येतो म्हणून देशाकडून आलेले पाहुणे उगाच सुखावतात. त्या नावाच्या उपपत्तीविषयी येथील लोकांचेच एकमत नाही. येथून नंदीदुर्ग साठेक किलोमीटरांवर. उंची १४७८ मीटर. पायथ्याशी भोगनंदीश्वराचे पुरातन देवालय, माथ्यावर योगनंदीश्वर, आणि कब्बनसाहेबाने उन्हाळ्यासाठी बांधलेला बंगला. पण गर्दी लोटते ती टिपूच्या कड्यापाशी. कैद्यांचा येथून कडेलोट करीत, असे सांगतात. सांगणारा खाली बोट दाखवतो आणि ऐकणारा 'वा!' म्हणतो.

आम्हीही म्हणालो. ढग पायांखाली होते, ऊन नुकते फुटत होते. तेवढ्यात चिरंजीवांनी कठड्याला रेलून विचारले, "बाबा, माणसाला खाली पोचायला किती वेळ लागत असेल?"

कड्याची उंची आम्ही सहाशे मीटर धरली, शाळेतले सूत्र आठवले, हवेचा विरोध सोडून दिला आणि सांगितले, "अकरा सेकंद." उत्तर झटकन आले याचा आनंदही झाला, बेरीज पहिल्याच फेरीत जुळली की कारकुनास होतो तसला. सौभाग्यवतींनी आमच्याकडे एकदा पाहिले आणि त्या चहाच्या दुकानाकडे वळल्या. मग आम्ही मनाशी एक ते अकरा मोजू लागलो. सातापर्यंत पोचलो, पुढे मोजवेना.

अशा वेळी मनाला कोणावर तरी रागावण्याची निकड भासते, आणि टिपू त्यासाठी सोयीचा होता. पण त्याच क्षणी रायगड आठवला. लग्नानंतरच्या वर्षी आम्ही टकमक टोकावर उभे राहिलो होतो. तेथूनही अपराध्यांचा कडेलोट होत असे, असेच सांगतात. तेथे आम्हांला काय वाटले होते? राज्याची शिस्त, न्यायाची जरब, ऊर भरून आलेला अभिमान. खाली गेलेल्या माणसाचे सेकंद मोजावेत, असे तेथे सुचलेही नाही. दरी तीच, पडणारे शरीरही तसलेच. राजा तेवढा आपला होता.

इतिहास या बाबतीत मोठा अडचणीचा आहे. १७९१ साली कॉर्नवॉलिसच्या फौजेने नंदीदुर्ग जिंकला, तेव्हा मराठे इंग्रजांच्या बाजूचे होते. त्याच साली परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला आणि मठाच्या पुनःस्थापनेसाठी मदत धाडली ती टिपूने. यावरून टिपू साधू ठरत नाही, आणि पटवर्धनही राक्षस ठरत नाहीत. आमची चीड मात्र उसनी ठरते.

मग असली स्थळे पाहूच नयेत काय? तसे म्हणवत नाही. जेथे कोणाचे रक्त सांडले नाही अशीच भूमी शोधू लागलो, तर घराबाहेर पडणे कठीण होईल. काळ दुःखावर गवत उगवू देतो, ही त्याची दयाच आहे. पण उंच जागेत एक खोड असते. तेथून खालचा माणूस ठिपक्याएवढा दिसतो. शिक्षा फर्मावणाऱ्यालाही तो तेवढाच दिसत असेल. आणि दोन घटका गंमत पाहावयास आलेल्या आमच्यासारख्यालाही तेवढाच दिसला, म्हणून तर गणित इतके सुलभ झाले.

उतरताना चिरंजीवांनी दुसरा प्रश्न विचारला, "पण त्याने केले काय होते?" त्याचे सूत्र आमच्यापाशी नव्हते. "ठाऊक नाही," एवढेच म्हणालो. घाटाची वळणे संपेपर्यंत तो काही बोलला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला रायगड दाखवण्याचे आम्ही कबूल करून बसलो आहोत. टकमकावरही तो हेच विचारील, याची आतापासून धास्ती वाटते.