शब्द पोचावा की नाद घुमावा?

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये टाळी वाजवली, तर तिचा नाद विरायला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागतो. गायकवृंदाच्या संथ सुरांना हा घुमारा मानवतो. प्रवचनाचे मात्र हाल होतात. एक शब्द विरण्याआधी पुढचे वीस त्याच्यावर येऊन आदळतात आणि मागच्या रांगांना ऐकू येतो तो निव्वळ गलबला.

गंमत म्हणजे, हे कॅथेड्रल बांधणाऱ्या ख्रिस्तोफर रेनला हा पेच पुरता ठाऊक होता. 1711 च्या सुमारास नव्या चर्चांविषयी सल्ला देताना त्याने लिहिलं, की कॅथलिकांना ‘मास’ या उपासनाविधीची पुटपुट कानावर आली तरी चालतं, आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये मात्र प्रत्येकाला नीट ऐकू आणि दिसू आलं पाहिजे. मध्यम आवाज समोर 50 फूट, बाजूंना 30 आणि पाठीमागे 20 फूट पोचतो, असा हिशेबही त्याने मांडला. त्याचं स्वतःचं कॅथेड्रल त्या हिशेबात कुठेच बसत नाही!

उपासना म्हणजे समजून घेणं, की नादात विरघळून जाणं?

लायपझिगच्या थॉमस चर्चमध्ये ल्यूथरपंथीयांनी याचं उत्तर सुतारांकरवी दिलं. प्रवचन ऐकायला लाकडी सज्जे बसवले, लाकडाने घुमारा शोषला. संगीतकार बाखचं गुंतागुंतीचं संगीत तिथे फुललं ते त्यामुळेच, असं ध्वनितज्ज्ञ होप बॅगेनल यांचं मत. पुढे 1880 च्या दशकात चर्चला गॉथिक रूप देण्याच्या हौसेत बाखच्या काळची अंतर्रचना काढून टाकली गेली. जपायचं म्हटलं, तर कोणत्या शतकाचा कान जपायचा?

सेंट पॉलच्या भिंतींना हात लावणं शक्यच नव्हतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पार्किन आणि टेलर या ध्वनितज्ज्ञांनी तिथे उंच, अरुंद, खांबासारखे स्पीकर बसवले. त्यांचा आवाज घुमटाकडे न उधळता माणसांकडे जाई. हवेतून 34 मीटर जायला आवाजाला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तारेतून मात्र तो तत्क्षणी पोचतो. म्हणून फिरत्या चुंबकीय चाकावर शब्द मुद्रित करून दूरच्या स्पीकरला तो मुद्दाम उशिरा दिला. जो ध्वनी आधी पोचतो तिकडूनच आवाज आला असं कान मानतो, त्यामुळे मागे बसलेल्यालाही बोलणारा समोरच आहे असं वाटे. ‘आवाज वाढव’ हा आपल्या मंडपांतला रामबाण उपाय तिथे गलबलाच वाढवणारा ठरला असता.

दगड न दुखावणारा हा तोडगा उजवा खरा. यंत्र काढलं की वास्तू जशीच्या तशी. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चला ती सोय नव्हती. 1913 मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चमध्ये प्रवचन स्पष्ट ऐकू यावं म्हणून आवाज शोषणाऱ्या सच्छिद्र टाइल्स मुद्दाम बसवल्या होत्या. काही दशकांनी ऑर्गन आणि गायनासाठी घुमारा हवासा वाटू लागला, तेव्हा त्याच टाइल्सची छिद्रं लेप देऊन बुजवावी लागली.