वरून आदेश

नोटीस न देता घर पाडायला आलेला अधिकारी असो की कोठडीतल्या मारहाणीच्या चौकशीत सापडलेला शिपाई, दोघांचं उत्तर एकच: ‘वरून आदेश होता.’ एकदा हे म्हटलं की जबाबदारी वरच्याची झाली, असा समज आता पक्का झाला आहे. तो चुकीचा आहे आणि घातकही.

त्यावर कुणी न्यूरेंबर्गच्या नाझी युद्धगुन्हेगारांवरील खटल्यांचा दाखला दिला की ठरलेलं उत्तर येतं: तो जेत्यांचा न्याय, हरलेल्यांसाठी नियम मागाहून घडवला.  सगळ्यांच्या नजरेतून निसटतात ते पहिल्या महायुद्धातल्या गुन्ह्यांबद्दल 1921 साली लाइपझिगला चाललेले खटले.

तिथे न्यायाधीश जर्मन, आरोपी जर्मन आणि लष्करी दंडसंहिताही जर्मन, 1872ची. आदेश गुन्ह्याचा आहे हे माहीत असूनही तो पाळणारा कनिष्ठ शिक्षेस पात्र, असं तिचं 47वं कलम सांगत होतं. त्या उन्हाळ्यातले दोन खटले पाहा. दोन्हींत जर्मन पाणबुडीने ब्रिटिशांचं रुग्णालय-जहाज बुडवलं होतं. ‘डोव्हर कॅसल’ बुडवणारा कप्तान सुटला, कारण नौदलाचा हुकूम कायदेशीर आहे अशी त्याची समजूत न्यायालयाला पटली. म्हणजे शिस्तीची कदर झालीच. ‘लँडोव्हरी कॅसल’ची गोष्ट वेगळी. जहाज बुडाल्यावर जीव वाचवायला होड्यांत बसलेल्यांवर तोफ डागली गेली. एकाच होडीतले 24 जण वाचले. कप्तान पात्सिगने नंतर नोंदवहीत पाणबुडीचा मार्ग खोटा लिहिला आणि खलाशांकडून गप्प राहण्याचं वचन घेतलं. कायदेशीर काम असं कोण लपवतं? पात्सिग हाती लागला नाही, पण डिटमार आणि बोल्ट या त्याच्या दोन लेफ्टनंटांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. होडीतल्या असहाय माणसांना मारणं बेकायदा आहे हे कुणालाही कळतं, तिथे हुकमाची सबब चालत नाही, असा निकाल होता. दोघंही पुढे तुरुंगातून पळाले, ही जर्मनीची नामुष्की. पण तत्त्व न्यूरेंबर्गच्या आधीच, त्यांच्याच कायद्याने, त्यांच्याच न्यायालयात मान्य झालं होतं.

आपल्याकडे तर ते त्याहून जुनं. 1860च्या दंडसंहितेच्या 76व्या कलमाखाली उदाहरण आहे: वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणारा सैनिक निर्दोष, पण कायद्याच्या आज्ञेला धरून असेल तरच. ही अट आपण वाचतच नाही. ती तरतूद आज भारतीय न्याय संहितेच्या 14व्या कलमात आहे. 2011 साली मुंबईतल्या एका चकमकीच्या प्रकरणात वरिष्ठांच्या आदेशाची सबब पोलिसांना वाचवणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने न्यूरेंबर्गचा उल्लेख करून बजावलं. 13 नोव्हेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने पाडकामासाठी किमान 15 दिवसांच्या नोटिशीची अट घातली. आपले निर्देश मोडून घर पाडलं, तर ते पूर्ववत करण्याचा खर्च संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होईल, हेही त्याच निकालात लिहिलं आहे.